काळजाचें औषध आणि यकृत

आपल्या भाषेंत काळीज हा मोठा गमतीचा शब्द आहे. भय वाटलें म्हणजे आपलें काळीज धडधडतें, दुःखानें तें फाटतें, एकाद्याचें तें सिंहाचें असतें; ह्या सर्व ठिकाणीं आपल्या मनांत असतें तें हृदय. पण खाटकाच्या दुकानांत जाऊन कलेजी मागा. तो जें देईल तें हृदय नसून यकृत असेल. अवयव दोन आणि नांवांचा असा घोटाळा! आज मी ज्या औषधाविषयीं बोलणार आहें, त्यानें हा घोटाळा जणूं शरीरांतहि उतरविला आहे. तें दिलें जातें हृदयासाठीं, आणि त्याची किंमत कित्येकदां यकृताला मोजावी लागते. ह्या औषधाचें नांव अमियोडारोन.

नांव अपरिचित वाटलें तरी वस्तु तितकीशी अपरिचित नाहीं. ज्या घरांत साठी-सत्तरी ओलांडलेलें एकादें वडील माणूस आहे, आणि त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे, त्या घरच्या औषधांच्या डब्यांत ही १०० किंवा २०० मिलिग्रॅमची लहानशी गोळी असण्याचा संभव आहे. रोज सकाळीं ती न चुकतां घेतली जाते. ती कशासाठीं, हें घरांत बहुधा ठाऊक असतें. ती आणखी काय काय करते, हें मात्र क्वचितच कोणी विचारतें.

निरोगी हृदय विश्रांतीच्या वेळीं मिनिटाला ६० ते १०० वेळां आकुंचन पावतें. चोवीस तासांत हा आंकडा लाखाच्या घरांत जातो. ठेका धरून देणारा पेशींचा एक लहानसा पुंजका उजव्या कर्णिकेच्या भिंतींत असतो. त्यांतून निघालेली विजेची लहर प्रथम दोन्ही कर्णिकांतून आणि मग क्षणभर थबकून जवनिकांतून पसरते. भजनांत टाळकऱ्यांनीं मृदंगाकडे कान ठेवावा, तसें हें सारें चाललेलें असतें. कधीं कधीं मात्र कर्णिकांत जो तो आपापला टाळ वाजवूं लागतो. मिनिटाला ३५० ते ६०० अशा वेगानें त्या नुसत्या थरथरतात, आंत रक्त सांचून राहतें, त्याची गुठळी होते, आणि ती गुठळी मेंदूंत गेली तर अर्धांगवायु होतो. हाच गोंधळ जवनिकांत माजला, तर गोष्ट मिनिटांवर येते. हृदय रक्त फेंकीत नाहीं आणि मनुष्य जागच्याजागीं कोसळतो. तेव्हां ठोका सुधारणारें औषध हें कांहीं चैनीचें औषध नव्हे. पुढें मी जें सांगणार आहें तें ऐकून उद्यां सकाळीं कोणी गोळी फेंकून देऊं नये, म्हणून हें आधींच सांगून ठेवतों.

ह्या औषधांचा इतिहासहि ऐकण्यासारखा आहे. आपल्या आजोबांच्या पिढीला हिंवतापावरचें कोयनेल चांगलें परिचयाचें होतें. १९१२ सालीं एक डच व्यापारी वेंकेबाख ह्या विख्यात हृदयतज्ज्ञाकडे आला. त्याची नाडी अनियमित चालत होती, आणि ती ताळ्यावर आणण्याचा उपाय वेंकेबाखपाशीं नव्हता. तेव्हां तो व्यापारी म्हणाला कीं तें मी स्वतःच करून दाखवितों; आणि दुसऱ्या दिवशीं खरोखरच नियमित नाडी घेऊन तो हजर झाला! कोयनेल घेतलें असतां आपला ठोका सुधारतो, हें त्याच्या अनुभवास आलेलें होतें. पुढें १९१८ सालीं फ्राय नांवाच्या डॉक्टरानें असें दाखविलें कीं त्याच सिंकोनाच्या सालींतील क्विनिडीन हें द्रव्य ह्या कामीं अधिक गुणकारी आहे. पण ह्या क्विनिडीननेंहि क्वचित् कांहीं जणांना पहिल्या कांहीं आठवड्यांतच ताप येऊन यकृतास सूज येते. म्हणजे ठोका सुधारणारें औषध आणि यकृताची कुरकुर ही जोडी अगदीं नवी आहे असें नव्हे.

अमियोडारोनचें मूळ शोधूं गेलें तर आपण ईजिप्तमध्यें पोंचतों. तेथें व भूमध्य समुद्राच्या आसपास शोपेच्या कुळांतील एक रोप उगवतें. मुतखड्याच्या वेदनेवर त्याचा काढा देण्याची तिकडे फार जुनी वहिवाट होती. त्यांतील खेलीन ह्या द्रव्याचा अभ्यास अनरेप नांवाचे रशियन शरीरशास्त्रज्ञ कैरो येथें करीत होते. १९४६ च्या सुमारास त्यांच्या ध्यानांत आलें कीं आपल्या प्रयोगशाळेंतील एका साहाय्यकाची छातींतली कळ ह्या द्रव्यानें थांबली. झालें! खेलीनवरून नवीं औषधें बनविण्याची खटपट सुरू झाली. बेल्जममधील लाबाझ ह्या कंपनीनें प्रथम बेन्झियोडारोन तयार केलें. तें हृच्छूळावर चांगलें लागू पडे, पण रोग्यांना कावीळ होऊं लागली, आणि १९६४ सालीं तें इंग्लंड-फ्रान्समध्यें बाजारांतून काढून घ्यावें लागलें. अमियोडारोन हें त्याचेंच धाकटें भावंड. तें १९६१ सालीं तयार झालें. थोरल्या भावाला काविळीपायीं घर सोडावें लागलें, हें लक्षांत घेतलें असतां धाकट्याच्या पुढच्या वर्तनाचें फारसें नवल वाटत नाहीं.

आरंभीं हें औषधहि छातींतील कळेसाठींच दिलें जात असे. त्याच्या अंगचा खरा गुण १९७० सालीं ऑक्सफर्ड येथें उघडकीस आला. तेथें वॉन विल्यम्स ह्यांच्या हाताखालीं संशोधन करणारे ब्रामा सिंग हे फिजी बेटांत जन्मलेले, भारतीय वंशाचे विद्वान. हृदयाची पेशी एकदां आकुंचन पावली म्हणजे पुन्हां तयार होण्यास तिला जो विसावा लागतो, तो विसावा ह्या औषधानें लांबतो, असें त्या दोघांनीं दाखविलें. विसावा लांबला म्हणजे भलत्याच वेळीं आलेल्या लहरीला पेशी दाद देत नाहीं. आर्जेंटिनामध्यें रोझेनबाउम ह्यांनीं पुढल्या कांहीं वर्षांत तें रोग्यांवर वापरलें आणि त्यांना मोठें यश आलें. अमेरिकेच्या सरकारी खात्यानें मात्र १९८५ च्या डिसेंबरपर्यंत परवानगी दिली नाहीं, आणि दिली तीहि जवनिकांच्या जीवघेण्या बिघाडापुरतीच. आज तेथील औषधाच्या माहितीपत्रकाच्या अग्रभागीं ठळक चौकटींत ज्या धोक्यांची सूचना छापलेली असते, त्यांत फुप्फुसाच्या जोडीला यकृताचें नांव आहे.

आतां हें औषध शरीरांत वागतें कसें तें पाहूं. त्याच्या वजनापैकीं शेंकडा सुमारें ३७ भाग आयोडीन असतें. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळींत जवळजवळ ७५ मिलिग्रॅम. त्यांतील थोडेंसेंच रोज सुटें होतें, तरी शरीराच्या रोजच्या गरजेच्या मानानें तें कित्येक पटींनीं अधिक भरतें. म्हणून गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें काम ह्या औषधानें बिघडूं शकतें. तो विषय वेगळा, आणि कमी महत्त्वाचा नाहीं. पण आज त्यांत शिरत नाहीं. दुसरा गुण असा कीं त्याला चरबीची फार ओढ आहे. पोटांत गेलेलें बहुतेक औषध कांहीं तासांत किंवा दिवसांत निघून जातें. हें मात्र मुंबईच्या चाळींतल्या जुन्या भाडेकरूसारखें आहे. एकदां चरबींत, फुप्फुसांत आणि यकृतांत बिऱ्हाड केलें कीं तेथून उठायचें नांव नाहीं. शरीरांतील त्याचा सांठा निम्म्यावर यायला सरासरीनें ५८ दिवस लागतात. कोणाला १५ दिवस पुरतात, तर कोणाला १४२ लागतात. आज गोळी बंद केली तरी तिचा बरा-वाईट अंमल पुढें कित्येक आठवडे, किंबहुना महिने, चालूच राहतो.

यकृत हें आपल्या देहांतलें कोठीघरहि आहे आणि मोरीहि आहे. अन्नांतून आलेली साखर तेथें सांठते, रक्त गोठविणारीं द्रव्यें तेथें बनतात, पित्त तेथें तयार होतें, आणि बाहेरून आलेल्या बहुतेक औषधांची मोडतोडहि तेथेंच होते. अमियोडारोन तेथें आलें म्हणजे दोन गोष्टी घडतात. प्रत्येक पेशींत केरकचरा जिरविणारे लहान लहान कप्पे असतात. त्यांना लायसोसोम म्हणतात. ह्या कप्प्यांत आम्लता असते. अमियोडारोनचा रेणू आंत शिरतांना सहज शिरतो, पण तेथील आम्लामुळें त्याच्यावर विद्युद्भार चढतो आणि मग त्याला बाहेर पडतां येत नाहीं. आंत कोंडलेलें औषध आणि स्निग्ध द्रव्यें ह्यांचा तेथें गाळ सांचत जातो. सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें तर कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकांत एक पापुद्रे दिसतात. हा गाळ औषध घेणाऱ्या पुष्कळांच्या यकृतांत सांपडतो, आणि एवढ्यानें फारसें बिघडतेंच असें नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक वाईट. पेशींत चरबी जाळून शक्ति निर्माण करणाऱ्या भट्ट्या असतात; त्यांना मायटोकॉन्ड्रिया हें नांव आहे. औषधाचा सांठा वाढला म्हणजे ह्या भट्ट्या मंदावतात. न जळलेली चरबी पेशींतच थेंबाथेंबानें सांचते, अर्धवट ज्वलनांतून दाहक द्रव्यें निपजतात, पेशी सुजतात, कांहीं मरतात, आणि मेलेल्यांच्या जागीं तंतूंची जाळी विणली जाते. हें वर्षानुवर्षें चालूं दिलें तर यकृत आक्रसून कठीण होतें. तोच यकृतकाठिण्याचा विकार, ज्याला डॉक्टर सिऱ्होसिस म्हणतात.

ह्या चित्राची आणखी एक खोड आहे. यकृताचा तुकडा काढून तपासला, तर तो अट्टल दारूबाजाच्या यकृतासारखा दिसतो. इतका कीं अनुभवी तज्ज्ञहि फसावा.

ही नुसती पुस्तकांतली गोष्ट नाहीं. माझ्या पाहण्यांतले एक वृद्ध गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक, गळ्यांत तुळशीची माळ, एकादशीला पाण्याचा घोट घेतांनाहि विचार करणारे. पायांवर सूज आली, भूक मेली, वजन उतरलें. म्हणून मुलांनीं त्यांना एका मोठ्या रुग्णालयांत नेलें. तेथें तपासण्या झाल्या आणि एका तरुण डॉक्टरानें सर्वांदेखत विचारलें, "आजोबा, किती वर्षें घेतां?" त्यांना प्रथम प्रश्नच कळला नाहीं. कळला तेव्हां ते इतके खिन्न झाले कीं दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत. याहून वाईट म्हणजे मुलांच्या मनांतहि पाल चुकचुकली: अप्पा निवृत्तीनंतर संध्याकाळीं दोन दोन तास फिरायला जात, ते कोठें जात होते? हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी मात्र कोणी बरोबर आणली नव्हती. पोटाच्या दुखण्यांत तिचें काय काम, असें सर्वांना वाटलें. सहा वर्षांपूर्वीं एका हृदयतज्ज्ञानें लिहून दिलेली ती गोळी त्याच चिठ्ठीवर औषधांच्या दुकानांतून महिन्याच्या महिन्याला येत होती, आणि त्या सहा वर्षांत यकृताची तपासणी एकदांहि झाली नव्हती. शेवटीं सुनेनें औषधांचा डबाच उचलून रुग्णालयांत नेला, तेव्हां उलगडा झाला. हृदयतज्ज्ञांच्या सल्ल्यानें गोळी बंद झाली, दुसरी व्यवस्था केली गेली, आणि पुढच्या सात-आठ महिन्यांत अप्पांचें यकृत पुष्कळसें सावरलें. त्या प्रश्नाची जखम भरून यायला मात्र त्याहून अधिक वेळ लागला, असें त्यांनींच मला सांगितलें.

असें किती जणांच्या बाबतींत होतें? ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें १५ ते ३० जणांच्या रक्तांत यकृताचीं द्रव्यें थोडीफार वाढलेलीं आढळतात. तपासणीच्या कागदावर जीं एसजीओटी व एसजीपीटी ह्या नांवांनीं छापलेलीं असतात, तींच हीं. पेशीच्या आंत असावयाचीं तीं रक्तांत उतरलीं, म्हणजे पेशींना कोठें तरी गळती लागली आहे असें समजावें. ह्यांतील बहुतेकांना कसलाच त्रास होत नाहीं, आणि मात्रा कमी केली असतां, किंवा कित्येकदां तशी न करतांहि, आंकडे खालीं येतात. खरा यकृतदाह शंभरांत एक ते तीन जणांना होतो. कावीळ तर त्याहूनहि विरळा. म्हणूनच डोळे पिवळे होण्याची वाट पाहत बसणें हा शुद्ध वेडेपणा होय. अशक्तपणा, मळमळ, अन्नावरची वासना जाणें, पोट फुगणें हीं लक्षणें म्हातारपणाच्या खात्यावर सहज मांडलीं जातात.

यावर उपाय साधा आहे. गोळी सुरू करण्यापूर्वीं एकदां आणि पुढें दर सहा महिन्यांनीं रक्त तपासावें. त्याच वेळीं थायरॉइडचीहि तपासणी होऊन जाते. आंकडा सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेला, किंवा मुळांत वाढलेला असून दुप्पट झाला, तर मात्रा कमी करावी कीं औषध थांबवावें, हा विचार डॉक्टरांनीं करावयाचा असतो. मी डॉक्टरांनीं म्हटलें, तें मुद्दाम. कारण यकृताचे आंकडे वाढण्याला खुद्द हृदयहि कारण असूं शकतें. हृदय दुबळें झालें म्हणजे रक्त मागें तुंबतें आणि यकृत फुगतें. अशा वेळीं दोष गोळीचा नसतो, आणि गोळी थांबविली तर उलट अनर्थ व्हावयाचा. नुसता कागद पाहून घरच्या घरीं निकाल देण्याचा हा विषय नव्हे. मात्रेचा मात्र संबंध निश्चित आहे. रोज ४०० मिलिग्रॅम वर्षानुवर्षें घेणाऱ्यापेक्षां १०० किंवा २०० वर ज्याचें भागतें त्याला धोका कमी. म्हणून सुरुवातीची मोठी मात्रा कांहीं आठवड्यांनंतर उतरविली जाते. ती उतरविण्याची तारीख चिठ्ठीवर लिहिलेली असते, आणि घरांत ती विसरली जाते.

रुग्णालयांत हेंच औषध शिरेंतून दिलें जातें, तेव्हां क्वचित् एक निराळाच प्रकार घडतो. एका दिवसाच्या आंत यकृताचे आंकडे एकदम आकाशाला भिडतात. यांत दोष अमियोडारोनचा नसून तें विरघळविण्यासाठीं घातलेल्या पॉलिसॉर्बेट ८० ह्या द्रव्याचा असावा, असें पुष्कळ तज्ज्ञांना वाटतें. कारण अशा कित्येक रोग्यांना पुढें गोळ्या दिल्या तर त्या निमूटपणें मानवल्या आहेत.

इतक्या खोडी असलेलें औषध टाकून दुसरें कां घेत नाहींत, असें कोणी विचारील. तसा प्रयत्न झाला आहे. रसायनज्ञांनीं अमियोडारोनमधून आयोडीन काढून टाकलें, चरबींत मुरण्याची त्याची खोड कमी केली, आणि ड्रोनेडारोन हें औषध तयार केलें. २००९ सालीं अमेरिकेंत त्याला परवानगी मिळाली. पण २०११ च्या जानेवारींत तेथल्या खात्याला डॉक्टरांना इशारा द्यावा लागला. हें औषध घेणाऱ्या, सत्तरीच्या आसपासच्या दोन बायकांचीं यकृतें इतकीं निकामी झालीं होतीं कीं दोघींनाहि दुसऱ्याचें यकृत बसवावें लागलें. शिवाय ठोका सांभाळण्याच्या कामीं तें अमियोडारोनची बरोबरी करीत नाहीं. म्हणून आजहि, दुसरें कांहीं चालत नाहीं तेव्हां, डॉक्टरांचा हात ह्याच जुन्या गोळीकडे वळतो.

घरच्या माणसांनीं लक्ष ठेवण्यासारख्या आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. यकृताच्या ज्या यंत्रणेनें इतर औषधें मोडतात, तिलाच अमियोडारोन अडथळा करतें. त्यामुळें रक्त पातळ ठेवणारें वॉरफरिन साधारणपणें एकतृतीयांश ते निम्म्यानें कमी करावें लागतें, नाहीं तर रक्तस्राव होतो. डिगॉक्सिनहि निम्मेंच पुरतें. आणि कोलेस्टेरॉलवरचें सिम्वास्टॅटिन रोज २० मिलिग्रॅमच्या वर देऊं नये असा दंडक आहे. पपनसाच्या जातीचें ग्रेपफ्रूट नांवाचें फळ आतां शहरांतून मिळूं लागलें आहे. त्याच्या रसानें अमियोडारोनचें रक्तांतील प्रमाण वाढतें. दारूविषयीं निराळें सांगावयास नको.

आणि काढ्यांचें काय? हा प्रश्न नाजूक आहे, पण टाळतां येत नाहीं. कोरोनाच्या सांथींत घरोघर गुळवेलीचे काढे उकळूं लागले. मुंबईंतील यकृततज्ज्ञांनीं २०२० च्या अखेरीस पाहिलेल्या अशा सहा रोग्यांची हकीकत २०२१ सालीं प्रसिद्ध केली; गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृतास इजा झाली होती. आयुष मंत्रालयानें त्यावर आक्षेप घेतला, आणि ती वनस्पति खरोखर गुळवेलच होती काय, असा प्रश्न विचारला. तो वाद सोडविण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु ज्याच्या यकृतांत एक बिऱ्हाडकरू आधींच ठाण मांडून बसला आहे, त्यानें दुसऱ्याला आंत घेण्यापूर्वीं डॉक्टरांना सांगावें, एवढें तरी कोणीहि मान्य करील. आपल्याकडे काढा हें औषध समजलें जात नाहीं, आणि म्हणून "आणखी काय घेतां?" ह्या प्रश्नाच्या उत्तरांत तो कधींच येत नाहीं.

अप्पांच्या सुनेनें डबा उचलून नेला, तशी वेळ न येऊं देणारींहि घरें आहेत. माझ्या ओळखीच्या एका आजींना ही गोळी चार वर्षें चालू आहे, आणि ती त्यांना सोडतां येण्यासारखी नाहीं. दर सहा महिन्यांची आठवण कोण ठेवणार, असा प्रश्न निघाला, तेव्हां त्यांनींच युक्ति काढली. साडेतीन मुहूर्तांपैकीं दोन त्यांनीं ह्या कामाला लावले. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं, श्रीखंड-पुरीच्या जडपणाची तक्रार करीत करीत, त्या नातवाला घेऊन रक्त द्यायला जातात. आणि परततांना मागच्या खेपेचा कागद व ह्या खेपेचा कागद शेजारीं धरून एसजीपीटीचे दोन आंकडे त्याच्याकडून मोठ्यानें वाचून घेतात.